जुन्या थ्री-नॉट-थ्रीवरचा तो अनोळखी पार्ट

भावा, कॉलेजच्या एनसीसी स्टोअरमधल्या थ्री-नॉट-थ्री (ली-एनफिल्ड) रायफलचे फोटो बघितले, तिच्या उजवीकडचा पार्ट कोणता असं तू विचारलंस. आधी लायसन्सवाल्या माणसासमोर, बोल्ट (मुठीचा सरकता दांडा) मागे ओढून चेंबर, म्हणजे गोळी बसते ती जागा, रिकामं आहे का बघ. 'डीपी' (ड्रिल पर्पज) असा शिक्का दिसला तर ती कवायतीची. तरीही ही तपासणी सोडायची नाही.

आता ओळख. पार्टपासून सुरुवात करू नकोस, शिक्क्यांपासून कर. बोल्टच्या मुठीखाली, दस्ता जिथं बसतो त्या लोखंडी पट्ट्यावर उजव्या बाजूला मुकुट, कारखाना, साल आणि मॉडेल असतं. खडू चोळून हलक्या हातानं पुसलं की अक्षरं उठतात. पॉलिश पेपर लावलास तर पुरावाच गेला.

तू विचारलेली उजवीकडची सरकती पत्री म्हणजे मॅगझिन कट-ऑफ. ती आत ढकलली की मॅगझिनमधल्या गोळ्या राखून एकेक गोळी हातानं भरायची. डावीकडं लाकडावर आकड्यांची तबकडी असेल तर ती व्हॉली साइट, लांबवर अनेकांनी एकत्र नेम धरून मारा करायला. १९१६ च्या 'मार्क थ्री स्टार' या ह्याच रायफलच्या मॉडेलमध्ये दोन्ही काढून टाकले, युद्धात उत्पादन झटपट व्हावं म्हणून. त्यामुळं शिक्का स्टारचा आणि पत्री जागेवर, असं दिसलं तर सुटे भाग अदलाबदल झाले असावेत. जुन्या लष्करी मालात हे सर्रास.

पुढच्या लाकडातून आरपार स्क्रू गेलाय? तो बहुतेक पश्चिम बंगालमधल्या ईशापूर रायफल कारखान्याचा हात. बोल्ट आणि बॉडीचे नंबर मात्र जुळवूनच बघ.

आणि गहाळ पार्ट उद्यमनगरात लेथवर करून घेतो म्हणालास, ते डोक्यातून काढ. शस्त्र कायदा १९५९ चा आहे, कारागीरही अडकेल.