दुसरी गाडी : कामाची की कौतुकाची?

या वेळच्या टपालात दुसऱ्या मोटारसायकलविषयीची पत्रं जास्त होती, त्यामुळे हे पान तिलाच दिलं आहे. पत्रं मोठी होती, प्रश्न थोडक्यात छापले आहेत.

प्रश्न : माझ्या १२५ सीसीच्या गाडीवर रोज कराड-ओगलेवाडी ये-जा होते. घरात आता दुसरी गाडी हवी आहे. सहा वर्षं वापरलेली एक १५० सीसीची गाडी बघून ठेवली होती. तेवढ्यात ओळखीतून १९९४ची यामाहा आरएक्स १०० मिळतेय. चार वर्षं उभी आहे, पण मालक म्हणतात ‘सगळी ओरिजिनल आहे’. दोन्हींची किंमत जवळपास सारखीच. मुलगा पुढच्या वर्षी कॉलेजला जाईल. काय घ्यावं?
— एक वाचक, कराड

उत्तर : मुलगा कॉलेजला कशावर जाणार, ते आधी ठरवा. या दोनपैकीच एका गाडीवर जाणार असेल, तर १५० घ्या आणि पुढचं केवळ माहितीसाठी वाचा. आरएक्स १०० अजूनही झकास पळते, पण सकाळी सातच्या प्रॅक्टिकलला वेळेवर पोहोचवण्याची हमी तीस वर्षांच्या टू-स्ट्रोककडून मागणं बरोबर नाही.

किंमत सारखी दिसते, पण तिचा अर्थ सारखा नाही. १५०साठी मोजलेले पैसे म्हणजे जवळजवळ पूर्ण खर्च. वर चेन-स्प्रॉकेट, टायर, ऑइल, ब्रेक-शू एवढंच. चार वर्षं उभ्या आरएक्सला मोजलेले पैसे हा विसार समजा.

त्याचं कारण असं. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल-हवेचं मिश्रण आधी क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या खालच्या बंद खोक्यात, ओढलं जातं आणि तिथून वर ढकललं जातं. म्हणजे क्रँककेस हवाबंद हवी. ती हवाबंद ठेवतात क्रँकच्या दोन बाजूंची रबरी ऑइल सील. गाडी उभी राहिली की ती कडक होतात. मॅग्नेटच्या (वीज तयार करणाऱ्या चाकाच्या) बाजूचं सील गेलं तर बाहेरची हवा आत येते, मिश्रण पातळ होतं (हवा जास्त, पेट्रोल कमी), गाडी स्लोवर आपोआप रेस होते आणि कधीतरी हायवेवर पिस्टन जाम होतो. क्लचच्या बाजूचं गेलं तर इंजिन गिअर ऑइल ओढून जाळतं, मागे पांढरा धूर थांबत नाही आणि गिअर ऑइलची पातळी उतरत जाते. सील बदलायची तर मॅग्नेट, क्लच काढावेच लागतात, आणि बेअरिंगलाही हात घालायचा तर क्रँककेस फोडावी लागते. ती फोडलीच आहे तर बेअरिंग, कॉनरॉड किट, पिस्टन, बोअर सगळंच करून घ्यावं लागतं. म्हणून अशी गाडी ‘फुल इंजिन काम’ धरूनच विकत घ्यायची असते.

बघायला जाल तेव्हा ‘आधीच गरम करून ठेवू नका’ असं सांगून जा. मॅग्नेटचं झाकण काढून मॅग्नेट वर-खाली हलवून बघा. जरासुद्धा खेळ लागला तर क्रँकचे बेअरिंग गेले. हेड उघडायला मालक तयार असतील तर पिस्टनच्या डोक्यावरचा आकडा वाचा. मूळ बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, ५० मिमी. त्यानंतर ०.२५, ०.५०, ०.७५ आणि १.०० मिमी असे वाढीव साइज मिळतात. १.०० आधीच झालं असेल तर पुढे स्लीव्ह किंवा नवा ब्लॉक. बोअर करायला टाकताना लेथवाल्याच्या हातात नवा पिस्टन द्या, त्याच्या मापानेच बोअर होऊ दे. ‘अंदाजे करतो’ म्हणणाऱ्या लेथवाल्याकडून ब्लॉक परत घेऊन या.

इंजिनचे भाग मिळतात, त्याची काळजी करू नका. अडतं ते पत्र्यावर. न चेपलेली मूळ टाकी, मूळ सायलेन्सर, मूळ मिकुनी कार्बोरेटर, साइड पॅनल, मीटर हे गेलेलं असेल तर त्याची नक्कल मिळते. नकलेचा पत्रा पातळ, आणि टाकीचं कॉक बसवायचं तोंड बरेचदा तिरकं. संग्राह्य गाडी घेणाऱ्याने इंजिनपेक्षा पत्रा जास्त तपासावा. इंजिन बिघडलेलं पण पत्रा पूर्ण असलेली गाडी, चालू इंजिन आणि जोडकामाचा पत्रा असलेल्या गाडीपेक्षा केव्हाही बरी. ‘ओरिजिनल’ची एक साधी चाचणी : आरएक्स १००चे चेसी-इंजिन नंबर ‘१एल१’ने सुरू होतात. दुसऱ्या मॉडेलवर १००चे स्टिकर चिकटवलेल्या गाड्याही बाजारात फिरतात.

आता कागद, कारण सौदा खरा इथेच फिसकटतो. १९९४च्या गाडीची पहिली नोंदणी १५ वर्षांची, म्हणजे २००९पर्यंत. तेव्हापासून दर पाच वर्षांनी नूतनीकरण : २००९, २०१४, २०१९, २०२४. शेवटचं झालं आहे का? चार वर्षं उभ्या गाडीचं बहुधा झालेलं नसतं. ते फॉर्म २५ भरून, गाडी आरटीओत तपासणीला नेऊन, पर्यावरण कर भरून होतं, पण मालकांनी ते *आपल्या नावावर असतानाच* करून द्यावं, असं सौद्यातच ठरवा. जुनं पुस्तकी आरसी असेल तर ती नोंद आरटीओच्या ‘वाहन’ या संगणक प्रणालीवर चढली आहे का तेही बघा. नसेल तर आधी आरटीओत बॅकलॉग नोंद, मग बाकीचं. त्यानंतर गाडी तुमच्या नावावर करायला फॉर्म २९ दोन प्रती आणि फॉर्म ३०. गाडी परराज्यातली असेल तर फॉर्म २८ची एनओसी. चेसी आणि इंजिन नंबर स्वतः पेन्सिलने कागदावर घासून उतरवा आणि आरसीशी ताडून बघा. एक आकडा जरी चुकला तरी पैसे देऊ नका, ‘नंतर करून देतो’वर तर नाहीच. २०१९च्या १ एप्रिलपूर्वीच्या गाडीला उच्च सुरक्षा नंबर प्लेट लागते. महाराष्ट्रात दुचाकीला ४५० रुपये अधिक जीएसटी.

घ्यायचीच असेल, तर पेट्रोलचं ऐका. पंपावर आता वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं. जुन्या गाडीचा पेट्रोल पाइप, कॉकचं वायसर, कार्बोरेटरच्या ओ-रिंग आणि फ्लोटची सुई यांचं रबर त्यासाठी बनलेलं नाही. ते फुगतं किंवा तडकतं. सगळं एकदाच बदलून व्हायटॉनच्या (इथेनॉल सोसणाऱ्या रबराच्या) दर्जाचं टाका. इथेनॉलमध्ये प्राणवायू असतो, त्यामुळे कार्बोरेटरमधला तोच जेट (पेट्रोल सोडणारं छिद्र) ठेवला तर मिश्रण पातळ पडतं, आणि पातळ मिश्रण म्हणजे टू-स्ट्रोकच्या पिस्टनला आमंत्रण. मेन जेट एक साइज वाढवा, मग सलग थोडं अंतर फुल थ्रॉटलवर पळवून क्लच दाबून चावी बंद करा आणि प्लग काढून बघा. चॉकलेटी असेल तर ठीक, पांढरट असेल तर अजून वाढवा. पेट्रोलमध्ये मिसळायचं टू-टी (टू-स्ट्रोकचं) ऑइल जेएएसओ एफसी दर्जाचं, लिटरला २५ ते ३० मिली. नव्या बोअरला पहिले ५०० किलोमीटर ४० मिली, आणि थ्रॉटल निम्म्यावर.

पेट्रोलमध्ये तेल मिसळून चालणाऱ्या गाडीला लांबचा उतार बाधतो. थ्रॉटल बंद म्हणजे पेट्रोल बंद, आणि पेट्रोल बंद म्हणजे तेलही बंद. कासहून यवतेश्वरचा घाट किंवा पाचगणीहून पसरणीचा घाट उतरताना गिअरमध्ये ठेवून मधूनमधून थ्रॉटल द्यायची सवय ठेवा. टू-स्ट्रोकचं इंजिन ब्रेकिंगही कमी असतं, पुढे ड्रम ब्रेक आहे. ब्रेक सतत घासत उतरलात तर वाईला पोहोचेपर्यंत ते गरम होऊन ढिले पडतात.

१५०चं फार सांगण्यासारखं नाही. डबल स्टँडवर घेऊन पुढचं चाक उचला आणि हँडल मध्यावरून सावकाश फिरवा, खटकन अडकलं तर कोनसेट, म्हणजे हँडलचे बेअरिंग, गेला. टायरवरचा चार आकडी क्रमांक वाचा : २३२१ म्हणजे २०२१ सालचा २३वा आठवडा. आरसीवर फायनान्सचा बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ मिळाल्याशिवाय विसारही देऊ नका.

प्रश्न : मिरजेत एक २०१७ची रॉयल एनफिल्ड क्लासिक ३५० फार स्वस्तात मिळतेय. पुराच्या पाण्यात गेलेली असेल का, हे कसं ओळखायचं?
— एक वाचिका, सांगली

उत्तर : शंका रास्त आहे. २०१९च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१च्या जुलैमध्ये कृष्णेचं पाणी सांगलीत घराघरांत शिरलं होतं, आणि त्यातल्या गाड्या नंतर धुऊन-पुसून, रंग मारून विकल्या गेल्या. बाहेरून काही कळत नाही. हेडलाइट उघडून घमेल्याच्या तळाशी बघा. पूर ओसरताना तिथे गाळ बसतो आणि धुणारा तिथपर्यंत जात नाही. मग एअर फिल्टरच्या डब्याचा कोपरा, सीटच्या फोमचा वास आणि वायरिंगचे कपलर. कपलरमधली पितळी टोकं हिरवी पडली असतील तर ती गाडी सोडा, कारण इंजिन दुरुस्त होतं पण गाळात भिजलेलं वायरिंग वर्षभर एकेक दिवा बंद पाडत राहतं. फोर्क ऑइल थोडं काढून बघा, दुधाळ असेल तर पाणी गेलंय.

या इंजिनात सेल्फचा स्प्रॅग क्लच (सेल्फची मोटार इंजिनाला जोडणारा भाग) ही तशीही दुखरी जागा आहे. गाडी पूर्ण थंड असताना सेल्फ मारा. घरघर करून इंजिन न फिरता मोटारच फिरली किंवा ‘खटाक’ असा आवाज आला, तर तो खर्च किमतीतून वजा करा. आणि २०१९पासूनच्या पॉलिसी मागा. पुराच्या वर्षी क्लेम झाला असेल तर पुढच्या पॉलिसीतली नो-क्लेम सूट शून्यावर आलेली दिसते.

पुरात न गेलेली, चांगली असेल, तर ही गाडी कौतुकाची नाही, कामाचीच धरा. आजही भाग कुठेही मिळतात, आणि इतक्या विकल्या गेल्या आहेत की पंधरा-वीस वर्षांत ती दुर्मीळ होणार नाही. ‘पुढे किंमत वाढेल’ म्हणून एक पैसाही जास्त देऊ नका.

प्रश्न : आजोबांची १९७२ची जावा घरी आहे. आरसी हरवलं आहे, गाडी आजोबांच्याच नावावर. व्हिंटेज नंबर घेऊन रोज वापरता येईल का?
— एक वाचक, वाई

उत्तर : रोज वापरायची असेल तर व्हिंटेज नोंदणी करूच नका. जुलै २०२१च्या केंद्रीय नियमानुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली, मूळ स्वरूपात असलेली दुचाकी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, नंबरात ‘व्हीए’ अक्षरं. आधीचा नंबर असेल तर तोच ठेवता येतो. पण मग ती गाडी रस्त्यावर फक्त प्रदर्शन, रॅली, तांत्रिक अभ्यास, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती एवढ्यापुरतीच.

तुमचा क्रम असा : आरसी हरवल्याची पोलिसांत नोंद, वारसदार म्हणून फॉर्म ३१, दुय्यम आरसीसाठी फॉर्म २६, मग नूतनीकरण. या सगळ्यासाठी आरटीओच्या दप्तरात गाडीची मूळ नोंद सापडायला हवी. जुना विमा, कराची पावती, काहीही असेल तर ते आधी शोधा. भाऊ-बहिणी असतील तर त्यांची संमती आजच लेखी घ्या. गाडीला रंग लागल्यावर आजोबांच्या आठवणी सगळ्यांनाच येतात.

गाडी चेसीपासून सोडवून रंगवणार असाल तर एक गोष्ट विसरू नका : सँडब्लास्टिंग आणि पावडर कोटिंगला देण्याआधी चेसी नंबरच्या पट्टीवर जाड टेप लावून घ्या आणि फोटो काढून ठेवा. ब्लास्टिंगने नंबर पुसट झाला, किंवा कोटिंगचा जाड थर बसून तो वाचता आला नाही, तर आरटीओत तपासणी अडते आणि पुन्हा पंचिंगची परवानगी मागत बसावं लागतं. १९७३नंतर म्हैसूरच्या त्याच कारखान्यातून येझदी निघाल्या, त्यांचे बरेच भाग जावाला बसतात. बसतात म्हणून बसवू नका. व्हिंटेजच्या तपासणीत तेच टोचतं.

दिवे सहा व्होल्टचे आहेत. गळिताच्या हंगामात रात्री हायवेवर बिनदिव्याची उसाची ट्रॉली पुढे असते, आणि या प्रकाशात ती दिसेपर्यंत उशीर होतो. ही गाडी उजेडातच चालवा.

प्रश्न : दोन गाड्यांचा विमा म्हणजे दुप्पट खर्च का?
— एक वाचक, विटा

उत्तर : नाही. थर्ड पार्टी प्रत्येक गाडीला वेगळा घ्यावाच लागतो : ७५ ते १५० सीसीला वर्षाला ७१४ रुपये, १५० ते ३५०ला १,३६६ रुपये, वर जीएसटी. पण मालक-चालकाचं १५ लाखांचं अपघात संरक्षण एकदाच लागतं. पहिल्या गाडीबरोबर ते घेतलं असेल तर दुसऱ्या पॉलिसीतून वगळायला सांगा. एजंट स्वतःहून सांगत नाहीत. पाच वर्षांपेक्षा जुन्या गाडीची विमा-किंमत कंपनी आणि तुम्ही मिळून ठरवता. संग्राह्य गाडीसाठी ती लेखी मागा आणि सोबत चारी बाजूंचे फोटो, कामाची बिलं जोडा. नाहीतर चोरी झाल्यावर तुमच्या जावाची किंमत भंगाराच्या भावाने निघते.