अमेरिकेत 'ब्लॅक स्टुडंट युनियन' ही कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांची संघटना कुठे सुरू झाली? तिच्या विद्यार्थी नेत्यांनी काय मिळवलं?

सॅन फ्रान्सिस्को स्टेट कॉलेजात, १९६६ साली. पुढाकार जिमी गॅरेट आणि जेरी व्हर्नाडो यांचा. गॅरेट नागरी हक्क चळवळीत काम करून आलेला, त्यामुळे संघटना कशी बांधायची हे त्याला कोणी शिकवावं लागलं नाही.

खरी कसोटी लागली १९६८ मध्ये. जॉर्ज मरे हा तिथला इंग्रजीचा शिक्षक ब्लॅक पँथर या कृष्णवर्णीयांच्या लढाऊ पक्षाचाही पदाधिकारी होता. त्याला निलंबित केलं आणि ठिणगी पडली. ६ नोव्हेंबरला संप सुरू झाला. 'थर्ड वर्ल्ड लिबरेशन फ्रंट' हा इतर वांशिक गटांच्या विद्यार्थ्यांचा मोर्चा सोबत आला, मागण्या झाल्या १५. पोलिसांच्या लाठ्या, शेकडो अटका, हे सगळं झालंच. प्राचार्य हायाकावा यांनी तर आंदोलकांच्या गाडीवर चढून लाउडस्पीकरच्या वायरी उपटल्या! (पुढे हेच गृहस्थ सिनेटर झाले.)

मार्च १९६९ मध्ये तडजोड झाली. मरेला नोकरी परत मिळाली नाही, पण कृष्णवर्णीयांच्या अभ्यासाचा स्वतंत्र विभाग आणि वांशिक अभ्यासाचं अमेरिकेतलं पहिलं महाविद्यालय पदरात पडलं. माझ्या मते यात मोठं श्रेय इतर वांशिक गटांना सोबत घेण्याला आहे. एकट्याच्या बळावर साडेचार महिने संप टिकणं अवघड होतं.

आपल्याकडच्या 'दलित पँथर'ने १९७२ मध्ये नाव घेतलं, ते याच ब्लॅक पँथरवरून.