जुन्या कल्पनांपैकी कुठल्या सोडाव्यात, कुठल्या पुढे न्याव्यात?
वहीत पडून असलेल्या कल्पनांसाठी माझी कसोटी एकच: मधल्या काळात तिच्या बाजूने नवं काही जमलं का?

डार्विनने नैसर्गिक निवडीचा कच्चा आराखडा १८४२मध्येच लिहिला होता; पुस्तक आलं १८५९ला. पण मधल्या वर्षांत पुरावे साठतच गेले. नुसत्या बार्नॅकलवर, म्हणजे खडकांना चिकटून राहणाऱ्या छोट्या समुद्री जीवांवर, आठेक वर्षं गेली (घरचे कंटाळले असतील!).

उलट स्कॉटलंडमधल्या ग्लेन रॉयच्या उतारांवरच्या समांतर रेषा म्हणजे जुने समुद्रकिनारे, असं त्याने १८३९मध्ये मांडलं. तिथे समुद्री शंखशिंपले सापडेनात. हिमनदीने अडवलेल्या सरोवराचं स्पष्टीकरण जास्त पटणारं निघालं, तरी ते मत सोडायला त्याला १८६१ उजाडलं. म्हणजे जीव त्याचाही अडकलाच होता.

तुमच्या यादीत ज्या कल्पनेखाली दोन-तीन वर्षांत एकही ओळ वाढलेली नाही, ती आधी खोडा.