निवडून न आलेल्यांनी बहुमताचा कायदा का रद्द करावा?

प्रश्न: दारणा-गंगापूरचे पाणी जायकवाडीला सोडण्याचा वाद उच्च न्यायालयात गेला आणि नाशिक-नगर भागाच्या याचिका फेटाळल्या गेल्या, तेव्हापासून मनात एक शंका आहे. आमदार-खासदार आम्ही निवडून देतो. न्यायाधीशांना कोणी मत दिलेले नसते. मग पाणीवाटप त्यांनी का ठरवावे आणि संसदेने बहुमताने केलेला कायदा त्यांनी का रद्द करावा?
– एक द्राक्ष बागायतदार, निफाड

उत्तर: आपली तळमळ समजण्यासारखी आहे, पाण्याअभावी बाग वाळताना पाहणाऱ्याने हा प्रश्न विचारायलाच हवा. मात्र त्या खटल्यात न्यायालयाने पाणी स्वतः वाटून दिलेले नाही. नदीच्या वरच्या आणि खालच्या भागांनी टंचाई समन्यायाने वाटून घ्यावी, हे तत्त्व आपल्याच विधिमंडळाने २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्यात घातले. प्राधिकरणाने त्यानुसार २०१४ मध्ये आदेश दिला, आणि २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो आदेश कायद्याच्या चौकटीत बसतो की नाही, हे तपासले. तत्त्वच मान्य नसेल, तर ते बदलून घेण्याचा रस्ता विधानसभेतून जातो, आणि तिथे आपले मत चालते.

संसदेचा कायदा रद्द करण्याचा अधिकार ही मात्र खरोखर मोठी गोष्ट आहे, आणि ती समजून घ्यायला १९७५ सालाइतके बोलके उदाहरण नाही. त्या वर्षी १२ जूनला अलाहाबाद उच्च न्यायालयाने पंतप्रधान इंदिरा गांधी यांची लोकसभेवरील निवड रद्द ठरवली. त्याविरुद्धचे अपील सर्वोच्च न्यायालयात प्रलंबित असताना, देशात आणीबाणी आणि अनेक विरोधी नेते तुरुंगात असताना, संसदेने ऑगस्टमध्ये एकोणचाळिसावी घटनादुरुस्ती करून पंतप्रधानांची निवडणूक न्यायालयांच्या कक्षेबाहेर नेली आणि त्यांच्याविरुद्धचा निकालही निष्प्रभ ठरवला. संख्याबळ होते, मतदान रीतसर झाले होते. परंतु ज्याची निवडणूक वादात आहे त्याच्याच पक्षाने त्या वादाचा निवाडा करून टाकावा, असा त्याचा अर्थ होत होता. ७ नोव्हेंबर १९७५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या दुरुस्तीतला हा भाग रद्द केला. त्यासाठी आधार होता तो १९७३ च्या केशवानंद भारती खटल्यात तेरा न्यायाधीशांच्या पीठाने सात विरुद्ध सहा अशा निसटत्या बहुमताने दिलेल्या निकालाचा: संसद घटनेत दुरुस्ती करू शकते, तिची मूलभूत चौकट मोडू शकत नाही. विशेष म्हणजे निवडणूक कायद्यातील बदल ग्राह्य धरून त्याच निकालात इंदिरा गांधींची निवड न्यायालयाने कायम ठेवली. म्हणजे न्यायालयाने व्यक्तीविरुद्ध कौल दिला नाही. सत्ताधाऱ्याच्या निवडणुकीवरही दाद मागता आली पाहिजे, एवढे राखले. बहुमत पुढच्या निवडणुकीत बदलता यावे, याची हमी बहुमतावरच सोपवता येत नाही.

न्यायाधीश निवडून येत नाहीत याचे कारणही इथेच आहे. आपल्या तालुक्यातल्या एखाद्या तरुणाला पोलिसांनी अटक केली, तर घटनेच्या अनुच्छेद २२ नुसार, प्रवासाचा वेळ वगळून, चोवीस तासांच्या आत त्याला दंडाधिकाऱ्यांपुढे उभे करावे लागते. दंडाधिकारी त्याला विचारतात, ‘पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का?’ पोलीस शेजारीच उभे असतात. त्या प्रश्नाला अर्थ राहतो, कारण विचारणाऱ्याची बदली वा बढती गृहखात्याच्या हाती नसते. अनुच्छेद २३५ प्रमाणे कनिष्ठ न्यायालयांवर नियंत्रण उच्च न्यायालयाचे असते. त्याच दंडाधिकाऱ्यांना दर पाच वर्षांनी मते मागत फिरावे लागले असते, तर गावात ज्याच्याविषयी संताप आहे अशा आरोपीला जामीन देताना त्यांचा हात थरथरला असता.

प्रश्न: पण न्यायालयच चुकले, तर दाद कोणाकडे मागायची?
– एक निवृत्त शिक्षिका, नाशिकरोड

उत्तर: न्यायालय चुकते, आणि कधी फार मोठी चूक करते. आणीबाणीत स्थानबद्ध केलेल्यांना न्यायालयाचे दार उघडे आहे, असे नऊ उच्च न्यायालयांनी म्हटले होते. एप्रिल १९७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मतांनी ते दार बंद केले. न्यायमूर्ती एच. आर. खन्ना यांनी एकट्याने विरोधी मत नोंदवले. पुढे ज्येष्ठता असूनही त्यांना डावलून सरन्यायाधीश नेमले गेले आणि त्यांनी राजीनामा दिला. ही चूक आधी संसदेने सुधारली: १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने आणीबाणीतही जीविताचा व व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क बजावण्यासाठी न्यायालयात जाण्याची मुभा काढून घेता येणार नाही, असे ठरले. न्यायालयाने स्वतःचा तो निकाल स्पष्ट शब्दांत मोडीत काढला तो २०१७ मध्ये, खासगीपणाच्या हक्काच्या खटल्यात. चार दशकांचा हा उशीर क्षम्य आहे, असे मला वाटत नाही.

अपील, पुनर्विलोकन आणि मोठे पीठ हे नेहमीचे मार्ग आहेतच. शिवाय आपल्यासारख्यांच्या हातीही एक मार्ग आहे. निकालपत्रात कारणे लिहिलेली असतात आणि उच्च व सर्वोच्च न्यायालयांचे निकाल संकेतस्थळावर वाचायला मिळतात. निकाली निघालेल्या खटल्याच्या गुणदोषांवर केलेली रास्त टीका हा न्यायालयाचा अवमान ठरत नाही, असे १९७१ च्या अवमान कायद्याचे कलम ५ सांगते. तेव्हा जो निकाल खटकला तो बातमीतून नव्हे, मुळातून वाचावा आणि त्यातले कोणते कारण पटले नाही, ते स्वतःच्या नावाने लिहावे.