जुना रंग पत्र्यापर्यंत काढायचा का?

प्रश्न : वडिलांची १९९६ ची मारुती ८०० आहे, लाल. टपावरचा रंग पांढुरका पडलाय आणि डाव्या दाराला खालनं गंजाचे फुगे आलेत. उद्यमनगरातला एक मिस्त्री म्हणतो सगळा रंग पत्र्यापर्यंत काढायला लागतोय, दुसरा म्हणतो पॉलिश पेपर (घासायचा खरखरीत कागद) मारून वरनंच रंगवू. कुणाचं ऐकू?
— एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : पूर्ण कुणाचंच नको. घट्ट बसलेला जुना रंग हाच नव्या रंगाचा पाया, तो उगाच काढला तर मजुरी वाढते आणि उघडा पत्रा आपल्याकडच्या दमट हवेत लगेच गंज धरतो. आधी रंग किती घट्ट आहे ते बघा. चिकटपट्टी दाबून लावा आणि झटक्यात ओढा, रंग सोबत आला तर तेवढा जायलाच पाहिजे. मग आतल्या कोपऱ्यात फडक्यावर थिनर घेऊन थोडा वेळ धरा. रंग मऊ पडून विरघळायला लागला तर नव्या रंगातलं थिनर पण त्याला उचलणार, सुरकुत्या येणार, मग मात्र पहिल्या मिस्त्रीचं बरोबर.

टपावर पावडर झालेला थर खाली पक्का रंग लागेपर्यंत घासला की झालं. दाराचं काम खरं किचकट आहे. तिथं फुगा फोडून ८० नंबरच्या पेपरनं चकचकीत पत्रा दिसेपर्यंत घासायचं, भोक पडलं असेल तर पत्र्याचा तुकडा वेल्ड करून घ्या, गंजावर लांबी (खड्डे भरायची पुट्टी) भरू देऊ नका, वरनं गुळगुळीत दिसतं पण आत गंज चालूच राहतो. उघड्या पत्र्यावर इपॉक्सी प्रायमर (रंगाच्या आधीचा, पत्र्याला घट्ट धरणारा थर) लावून घ्या. जुन्या रंगाची कड १८० नंबरच्या पेपरनं, मग ३२० नंबरच्या पेपरनं उतरती करायची, नाहीतर नव्या रंगाखाली ती रेघ दिसत राहते. लांबी कोरडीच घासायची, ती पाणी पिते.

आणि हे सगळं करायच्या आधी, म्हणजे पेपर हातात घ्यायच्या आधी, गाडी साबणानं धुऊन ग्रीस काढायच्या लिक्विडनं पुसा. डॅशबोर्ड पॉलिशमधलं सिलिकॉन कुठंतरी उडालेलं असतंच, घासल्यावर ते ओरखड्यात बसतं आणि रंगाला बारीक खड्डे पडतात. पुसताना दोन फडकी ठेवा, एक ओलं आणि मागोमाग कोरडं.

मिस्त्रीला सांगून ठेवा, मला दाखवल्याशिवाय प्रायमर मारू नका, आणि तेव्हा कडा बघताना हातमोजा घाला, घामाचा हात पत्र्याला लागू देऊ नका.