परसबाग : कळी धरते, पण टिकत नाही

प्रश्न : मावशी, सप्रेम नमस्कार. जुळे सोलापुरात आमचा तिसरा मजला. पश्चिमेच्या बाल्कनीत दुहेरी गुलाबी जास्वंदीच्या दोन कुंड्या आहेत, दिवाळीत नर्सरीतून आणलेल्या. आधी वाटीएवढी फुलं आली. होळीनंतर मात्र कळी हरभऱ्याएवढी होते, पिवळी पडते आणि गळते. शेंड्याची पानंही पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या. राख, अंड्याची टरफलं, चहाचा चोथा, सगळं घालून झालं. नळाला चार दिवसांआड पाणी, म्हणून झाडांना बोअरचं घालते. गणपतीला घरचं फूल वाहायचं फार मनात आहे.
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : ताई, राख आणि टरफलं आजपासून बंद करा. तुमच्या झाडाला उपास घडलेला नाही. ताट समोर आहे, पण त्याला घास उचलता येत नाहीये. कोवळं पान पिवळं आणि शिरा हिरव्या, ही लोहाच्या कमतरतेची खूण. आपल्या काळ्या मातीत चुनखडी, बोअरच्या पाण्यात क्षार, वरून राख आणि टरफलं म्हणजे पुन्हा चुनाच. एवढ्या चुन्यात मातीतलं लोह मुळांना मिळत नाही.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. लग्नानंतर सासूबाईंच्या लाल जास्वंदीच्या बुडात मी रोज बंबातली राख ओतायची. चांगलं खत म्हणूनच. दोन वर्षांत शेंडे कडब्याच्या रंगाचे झाले. सासूबाई काही बोलल्या नाहीत, पण देवपूजेला फूल विकत आणावं लागलं, ते मला अजून लागून आहे. नंतर हिराकशीने (फेरस सल्फेट, म्हणजे लोहाचा क्षार) ते झाड सावरलं.

तेच तुम्ही करा. लिटरभर पाण्यात पाच ग्रॅम हिराकस, त्यात अर्ध्या लिंबाचा रस. ऊन उतरल्यावर पानांवर फवारा, दहा-बारा दिवसांनी पुन्हा, असं तीनदा. खाली जुनं पोतं अंथरा, फरशीवर पडलेला तांबडा डाग जात नाही. कुंडीत घालायला मात्र चिलेटेड लोह (मुळांना घेता येईल अशा रूपात बांधलेलं) घ्या, तेही पाकिटावर ‘ईडीडीएचए’ लिहिलेलं. चुनखडीच्या मातीत ते टिकतं. डाळिंब-द्राक्षवाले शेतकरी जातात त्या कृषी सेवा केंद्रात मिळेल. दोन ग्रॅम लिटरभर पाण्यात, पाणी लालभडक होतं, घाबरू नका. डीएपी हे स्फुरदाचं (फॉस्फरसचं) खत नको. जास्तीचं स्फुरद जास्वंदीला मानवत नाही आणि लोहही अडवतं. गांडूळखत मूठभर, पुरे.

आता कळ्या. एक गळलेली कळी नखाने उकलून बघा. आत बारीक अळी दिसली तर पडलेली प्रत्येक कळी वेचून पिशवीत बांधून टाका, कारण ती अळी मातीत उतरून कोष करते आणि तिथूनच पुढची माशी निघते. अळी नसेल तर दोष उन्हाचा आणि पाण्याचा. नर्सरीतलं रोप बहुधा कोकोपीटच्या, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशाच्या गोळ्यात असतं. तो गोळा एकदा कडकडीत वाळला की वरून घातलेलं पाणी कडेने निसटून बशीत येतं, आपल्याला वाटतं झाड प्यालं. कुंडी उचलून बघा. हलकी लागली तर अर्धा तास पाण्याच्या घमेल्यात ठेवा. बोअरच्या पाण्याशिवाय भागत नसेल तर निदान नळाला पाणी येईल त्या दिवशी दोन्ही कुंड्यांना खालून वाहून जाईपर्यंत नळाचं पाणी घाला, साठलेले क्षार धुऊन निघतात. जूनपासून पावसाचं पाणी बादलीत धरा, त्याला तोड नाही.

पश्चिमेचं मे महिन्यातलं ऊन जास्वंदीने सोसावं ही अपेक्षाच चुकीची. सकाळचं ऊन मिळेल अशी जागा शोधा, नाहीतर हिरवी जाळी बांधा. दुहेरी जात तर कळी फार लवकर टाकते.

गणपतीसाठी पहिल्या पावसानंतर लगेच प्रत्येक फांदी एक तृतीयांश छाटा. जास्वंद नव्या फुटीवर फुलते, जूनमध्ये छाटलेली भाद्रपदात कळ्यांवर येते. फूल एकाच दिवसाचं, पण आदल्या संध्याकाळी टपोरी कळी खुडून ठेवली तर पाण्याविनाही सकाळी उमलते.

आणि एक कुंडी आपल्या एकेरी लाल जास्वंदीची ठेवाच. माझ्या शेजारच्या तेलुगू काकू तिला मंदारम् म्हणतात, कोपऱ्यावरची कन्नड फूलवाली दासवाळ. सोलापूरच्या उन्हात तीच जास्त तग धरते. जुलैत कुणाकडून पेन्सिलीएवढ्या जाडीची, वीतभर फांदी मागून घ्या. पेराच्या खाली तिरका काप, वरची दोन पानं ठेवायची, निम्मी वाळू मिसळलेल्या मातीत खोचून सावलीत ठेवायची. महिना-दीड महिन्यात मूळ धरेल. या गणपतीला तिचं फूल मिळणार नाही, पण माघी गणपतीपर्यंत एखादी कळी धरायला हरकत नाही.