खुनाच्या खटल्यात उद्देश कसा सिद्ध होतो आणि स्वसंरक्षणाचा बचाव केव्हा टिकतो?

मारणाऱ्याच्या मनात काय होते हे न्यायालय कसे ठरवते आणि "जीव वाचवण्यासाठी मारले" एवढे म्हणून आरोपी सुटतो का, असे आपण विचारले आहे. मी सोलापूरच्या सत्र न्यायालयात फौजदारी वकिली करतो, त्या आधारे लिहितो.

उद्देश कृतीवरूनच काढावा लागतो. हत्यार घरून आणले होते की जागेवर हाताला लागले, घाव शरीराच्या कोणत्या भागावर आणि किती जोराने बसला, समोरचा खाली पडल्यावरही वार चालू राहिले का, हे पाहिले जाते. जुने वैर सिद्ध झाल्यास सरकार पक्षाला बळ मिळते, पण प्रत्यक्षदर्शी साक्षीदार विश्वासार्ह असतील तर त्यावाचूनही शिक्षा होते. पोटात भाल्याचा एकच घाव बसलेल्या विरसा सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९५८ मध्ये सांगितले की, झालेली विशिष्ट जखम करण्याचा उद्देश होता आणि ती जखम निसर्गक्रमानुसार मृत्यू येण्यास पुरेशी होती, एवढे सिद्ध झाले तरी तो खून ठरतो. म्हणून "एकच वार केला" हा बचाव वाटतो तितका भक्कम नाही.

स्वसंरक्षणाबाबत आपल्या भागातला नेहमीचा प्रसंग घ्या. बांधाच्या वादातून भावकीतले चौघे काठ्या-कुऱ्हाडी घेऊन एकाच्या शेतात शिरतात, त्याच्या डोक्यात काठी बसते, तो हातातला कोयता चालवतो आणि चौघांतला एक मरतो. मृत्यूची किंवा जबर दुखापतीची वाजवी भीती असेल तर हल्लेखोराचा जीव घेण्यापर्यंत हा हक्क पोहोचतो (भारतीय न्याय संहिता, कलम ३८, १ जुलै २०२४ पूर्वीच्या घटनांना जुन्या दंड संहितेचे कलम १००). जिवावर बेतलेल्या माणसाने प्रत्येक वार तोलूनमापून करावा, अशी अपेक्षा न्यायालय ठेवत नाही. मात्र भीती संपली की हक्कही संपतो. हत्यार टाकून पळणाऱ्याला गाठून मारले तर तो सूड होतो. हक्क सद्भावनेने बजावताना, सूडबुद्धीशिवाय आणि गरजेपेक्षा अधिक इजा करण्याचा उद्देश नसताना मर्यादा ओलांडली गेली, तर गुन्हा खुनाऐवजी सदोष मनुष्यवधाचा होतो आणि शिक्षेत मोठा फरक पडतो.

हा बचाव सिद्ध करण्याचा भार आरोपीवर असतो, पण तो सरकार पक्षाच्या भाराइतका जड नाही. आपले म्हणणे अधिक संभवनीय आहे, एवढे दाखवले तरी पुरते. तेही सरकारी साक्षीदारांच्या उलटतपासातून दाखवता येते. १९६७ च्या मुन्शीराम निकालानुसार आरोपीने हा बचाव स्वतः घेतलेला नसला, तरी पुराव्यातून तो दिसत असेल तर न्यायालय त्याचा विचार करू शकते.

माझ्या मते अशा खटल्याचा कल पुष्कळदा आरोपीच्या अंगावरच्या जखमांवरून ठरतो. त्याच वेळी झालेल्या गंभीर जखमांचा खुलासा सरकारी साक्षीदारांनी केला नाही, तर त्यांनी घटनेचा उगम लपवला असे न्यायालय मानू शकते (लक्ष्मी सिंग, १९७६). किरकोळ खरचटण्याला तेवढे महत्त्व मिळत नाही. म्हणूनच घरचे लोक पोलिसांच्या भीतीने आरोपीच्या जखमेवर गुपचूप मलमपट्टी करून घेतात, तेव्हा मला फार वाईट वाटते, कारण बचावाचा सर्वांत मोलाचा पुरावा तिथेच नाहीसा होतो. अटकेनंतर वैद्यकीय तपासणी करून घेणे हा आरोपीचा हक्क आहे. सिव्हिलमध्ये तपासणीच्या वेळी प्रत्येक जखम दाखवावी, तिची लांबी, जागा आणि अंदाजे वय नोंदवायला सांगावे, आणि नोंद झाली नसेल तर पहिल्यांदा हजर केले जाईल तेव्हाच ते दंडाधिकाऱ्यांच्या कानावर घालावे.